ताई, जिद्द कुठून आणायची? वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

नमस्कार मंडळी. मागच्या अंकात म्हटलं होतं की अपंगत्व, त्यातून उभं राहणं आणि त्यात देवावरच्या श्रद्धेचं काय, यावर मनात असेल ते मोकळेपणानं लिहून पाठवा. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतूनच एवढं आलंय की या वेळचं सदर तिकडच्याच पत्रांचं करतेय. नावं कुणाचीच छापत नाही. मी स्वतः साताऱ्यात राहते, फिजिओथेरपीच्या कामात केस पांढरे झाले, आणि देव मानते, नामस्मरण करते, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं जे बोलेन ते देव न मानणाऱ्या बाईचं बोलणं असं कुणाला वाटायला नको.

प्रश्न : तासगाव तालुक्यातून एक बहीण

ताई, माझे मिस्टर ट्रॅक्टरवर असायचे, कारखान्याला ऊस घालायचे, घरची दीड एकर शेती पण आहे. गेल्या हंगामात ट्रॉली उलटली आणि डावा पाय गुडघ्याखाली काढायला लागला. वय छत्तीस. आता जखम भरलीय पण हे कॉटवरून उठत नाहीत, कुणी आलं की चादर ओढून घेतात. आधी दर शनिवारी मारुतीला जायचे, आता देव्हाऱ्याकडं बघत पण नाहीत. आणि रात्री म्हणतात तळपायाची आग होतीय, अंगठा खाजतोय, अहो पण पाय तर नाहीच. सासूबाई म्हणतात हे बाहेरचं हाय, एका बाबाकडं न्यायचं चाललंय, तो अकरा हजार मागतोय. येणारा जाणारा म्हणतो जिद्द धरा, जिद्द धरा. जिद्द कुठून आणायची हो?

उत्तर : बाई गं, आधी त्या अकरा हजारांचं बोलू. ते देऊ नका, त्यातला एक रुपया पण देऊ नका. नसलेला पाय खाजणं, तळव्याची आग होणं, बोटं कुणीतरी मुडपून धरल्यासारखी वाटणं हे पाय काढलेल्या बहुतेक माणसांना होतं, कुणाला थोडं कुणाला झोप उडवणारं. मेंदूत आपल्या अंगाच्या प्रत्येक भागाची एक जागा असते, पाय गेला तरी मेंदूतली पायाची जागा शाबूत असते आणि कापलेल्या नसा तिकडं चुकीचे निरोप पाठवत राहतात, म्हणून त्यांना खरोखरच आग होते, ते नाटक करत नाहीयेत आणि बाहेरचं तर काहीच नाही. अमेरिकेतल्या सिव्हिल वॉरमध्ये हातपाय गमावलेल्या सैनिकांना तपासणाऱ्या मिचेल नावाच्या डॉक्टरांनी १८७१ सालीच यावर लिहून ठेवलंय. डॉक्टरांना नुसतं ‘फँटम पेन होतंय’ म्हणा, त्यांना कळेल, नसांच्या दुखण्यावरच्या वेगळ्या गोळ्या असतात, साध्या पेनकिलरचा याला फारसा उपयोग होत नाही. आणि घरी एक करून बघा. एक उभा आरसा दोन पायांच्या मध्ये असा धरायचा की चांगला पाय आरशापुढं आणि काढलेला पाय आरशामागं, मग आरशात बघत चांगल्या पायाची बोटं, घोटा सावकाश हलवायचा. बघणाऱ्याला दोन्ही पाय हलताना दिसतात आणि मेंदूला थोडं समाधान मिळतं. आपल्या तमिळनाडूचे डॉ. विलयनूर रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात हे सुरू केलं, सगळ्यांनाच गुण येतो असं नाही पण आरशाला पैसे पडत नाहीत.

सासूबाईंवर चिडू नका, लेकाचं दुःख बघवत नाही म्हणून त्या कुठंही जायला तयार आहेत. त्यांना मारुतीला नारळ फोडू दे, शनिवारी तेल घालू दे, त्यात वाईट काही नाही. पण भीती घालून पैसे मागणारा बाबा आणि मारुती यांत फरक आहे. आपल्या साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्यासाठी आयुष्य घातलं तो जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्रात २०१३ पासून आहे, करणी काढतो म्हणून पैसे उकळणाऱ्याची पोलिसांत तक्रार करता येते, हे त्या बाबाच्या कानावर गेलं तरी पुष्कळ आहे.

आता पायाचं. तुमच्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाचं वाक्य वाटलं ते ‘गुडघ्याखाली’. गुडघा राहिलाय ना, मग पुष्कळ राहिलंय! गुडघा असलेला माणूस कृत्रिम पायावर जवळपास आधीसारखा चालू शकतो. पण तो गुडघा सरळ राहायला हवा, आणि आता इथं नीट लक्ष द्या, आराम वाटतो म्हणून गुडघ्याखाली उशी घेऊन दिवसभर पडून राहिलं की गुडघा वाकलेलाच आखडतो आणि मग पाय बसवायला फार त्रास होतो. उशी आजच काढा. दिवसातून दोनतीनदा त्यांना पालथं झोपवा. क्रेप बँडेज सरळ गोल गोल गुंडाळायचं नाही, तिरकं, आठाच्या आकड्यासारखं, खाली घट्ट आणि वर सैल, त्यानं सूज उतरते आणि स्टंपला, म्हणजे पायाच्या उरलेल्या टोकाला, निमुळता आकार येतो. स्टंप रोज साबणानं धुऊन कोरडा करायचा आणि खालची बाजू हातआरशात बघायची, लालसर डाग दिसला तर लगेच दाखवायचं. शुगर असेल तर जास्तच.

जयपूर फूट ऐकलं असेल. १९६८ च्या सुमारास जयपूरला कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी तो बनवला. परदेशी पाय बुटात घालायचा, खुर्चीवर बसणाऱ्या माणसाचा होता, आपल्याला उकिडवं बसावं लागतं, चिखलात जावं लागतं, देवळात अनवाणी जावं लागतं, त्या हिशोबानं हा रबराचा पाय केला. भगवान महावीर विकलांग सहायता समिती तो फुकट बसवते, ठिकठिकाणी शिबिरं पण भरतात, जिल्हा रुग्णालयात किंवा समाज कल्याण ऑफिसात चौकशी करा. माझ्याकडं ऊसतोडीचे एक गृहस्थ यायचे, डावाच पाय गेलेला, पँटची रिकामी बाजू दुमडून सेफ्टी पिन लावलेली. पाय बसवायच्या दिवशी येताना पिशवीतून चपलेचा जोड घेऊन आले, उजवी घासून पातळ झालेली आणि डावी जवळजवळ नवी, आणि दोन लोखंडी दांड्यांच्या मध्ये उभं राहायच्या आधीच मला विचारलं, मॅडम ही घालता येईल का. घालता आली. नंतर ते उभे राहिले, मग दांड्या धरून चालले, मग घामाघूम होऊन बसले आणि म्हणाले आज बास.

मारुतीकडं बघत नाहीत म्हणालात. जबरदस्तीनं बघायला लावू नका. आपल्याकडं नामदेव, जनाबाई विठ्ठलाला काय काय बोलल्यात, भांडल्यात, रुसल्यात, त्यांना कुणी पाखंडी नाही म्हटलं. ज्याच्यावर हक्क वाटतो त्याच्यावरच माणूस रुसतो. त्यांचा राग तसाच राहू दे, त्यांच्यासमोर ‘देवाच्या मनात होतं’ हे वाक्य कुणालाही बोलू देऊ नका, तुम्ही तुमचा दिवा लावत राहा.

आणि जिद्द. तुमच्याच जिल्ह्यातले, वाळवा तालुक्यातल्या पेठचे मुरलीकांत पेटकर घ्या. सैन्यात बॉक्सर होते, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, मणक्यात गोळी राहिली आणि कमरेखालचं अंग गेलं. पोहायला लागले ते मेडल मिळवायचं म्हणून नाही हो, उपचाराचा भाग म्हणून त्यांना पाण्यात उतरवलं होतं. पाण्यात हात चालतात हे कळलं, मग थोडं जास्त, मग थोडं वेगानं. १९६८ ला तेल अवीवच्या पॅरालिम्पिकमध्ये ते टेबल टेनिस खेळले आणि १९७२ ला जर्मनीत हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदात पोहून गोल्ड आणलं, वर्ल्ड रेकॉर्डसकट, भारताचं पॅरालिम्पिकमधलं पहिलं गोल्ड. गोळी लागल्यावर सात वर्षांनी! पद्मश्री मिळाली २०१८ ला आणि अर्जुन पुरस्कार हातात पडायला २०२५ साल उजाडलं. म्हणून म्हणते, कॉटवरच्या माणसाकडं आज जिद्द मागू नका. आज फक्त उशी काढा, बँडेज बांधा, अंगणापर्यंत वॉकरवर आणा. माझ्या आजवरच्या अनुभवात जिद्द ही अशी मागून आलेली बघितलीय, आधी येऊन दारात उभी राहिलेली क्वचितच.

पैशाचं एक, गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत एक अवयव गमावल्यास एक लाख रुपये मिळतात, सातबारा घेऊन तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या ऑफिसात जाऊन या, ट्रॉलीच्या विम्याचा क्लेम वेगळा, त्यासाठी वकिलाला भेटा. अपंगत्वाचं सर्टिफिकेट आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगांचं सरकारी ओळखपत्र, जिल्हा रुग्णालयातून काढून घ्या, पुढच्या सगळ्या गोष्टी त्याच्यावर आहेत. आणि ताई तुम्ही जेवताय ना वेळेवर? पत्रात स्वतःबद्दल एक ओळ पण लिहिली नाहीये. पुढच्या पत्रात लिहा.

प्रश्न : कराडहून एक वाचक

माझा भाऊ जन्मापासून अपंग आहे. कीर्तनात, गावात सगळीकडं ऐकतो की हे मागच्या जन्माचं पाप. आईनं हे आयुष्यभर मनाला लावून घेतलंय. खरं काय?

उत्तर : आईला माझा नमस्कार सांगा आणि सांगा की त्यांनी काहीही केलेलं नाही. जन्मताना बाळाला प्राणवायू कमी पडतो, दिवस भरायच्या आधी बाळ होतं, कावीळ वाढून मेंदूला लागते, काही वेळा जनुकांत फरक असतो, अशी कारणं असतात आणि पुष्कळदा कारण सापडतच नाही. विदर्भातले संत गुलाबराव महाराज, काही महिन्यांचे असतानाच त्यांची दृष्टी गेली, लोक त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणतात, पाया पडतात. तिथं कुणी मागच्या जन्माचा हिशोब काढत नाही आणि आपल्या गल्लीतल्या पोराचा मात्र काढतात, हे मला अजिबात पटत नाही. पुढच्या वेळी कुणी आईसमोर बोललं तर तुम्ही धाकटे असलात तरी तिथल्या तिथं थांबवा त्याला.

प्रश्न : कोरेगावहून एक आई

मुलगा दोन वर्षांचा झाला, अजून आई पण म्हणत नाही. ताट पडलं तरी वळून बघत नाही. घरचे म्हणतात ह्याचा बाप पण उशिरा बोलला, पोरगं बोलंल, कुलदैवताला नवस बोललोय, पाच वर्षं थांब. मला धीर निघत नाही.

उत्तर : नका धरू धीर. या एका बाबतीत धीर धरणं हे नुकसान आहे. ताट पडून वळत नाही म्हणजे आधी कान तपासायचे, या आठवड्यातच. बाळ झोपलेलं असताना डोक्याला छोटी बटणं लावून बेरा नावाची तपासणी करतात, दुखत नाही काही नाही, आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते कळतं. खरं म्हणजे जन्मल्यावर महिन्याभरात कानाची पहिली तपासणी, तीन महिन्यांपर्यंत निदान आणि सहा महिन्यांपर्यंत उपचार सुरू, असा हिशोब जगभर धरतात, कारण मेंदू बोलणं शिकतो तो पहिल्या तीनचार वर्षांत, त्यानंतर तीच गोष्ट कितीतरी पट कष्टाची होते. पाच वर्षं थांबलात तर नेमकी तीच वर्षं जातील.

जिल्हा रुग्णालयात लहान मुलांसाठी डीईआयसी म्हणून विभाग असतो, तिथं जा, अंगणवाडीताईंना सांगितलं तरी त्या पाठवतात. कानाच्या मशीननं भागलं तर मशीन, नाहीतर कॉक्लिअर इम्प्लांटचं, म्हणजे कानाच्या आत यंत्र बसवायचं ऑपरेशन. ते महाग असतं पण लहान मुलांसाठी केंद्राच्या एडीआयपी या अपंगांना साधनं देणाऱ्या योजनेत होतं, मुंबईत बांद्र्याची अली यावर जंग संस्था ते काम बघते, आणि तिथं वयाची अट आहे म्हणून परत सांगते, आत्ता. मशीन किंवा इम्प्लांट लावलं की लगेच पोरगं बोलत नाही हे पण मनाशी धरा, पुढं रोज थेरपी, रोज त्याच्याशी बोलत राहणं, ‘बघ कुकर वाजला, बघ गाडी आली’ असं. हातवाऱ्यांची भाषा शिकवायला पण लाजू नका, ती एक पूर्ण भाषा आहे, तिनं बोलणं अडत नाही.

नवसाचं काय, तर नवस फेडायला खुशाल जा, दवाखान्यातून येताना जा. घरात वाद नको असेल तर सासूबाईंना बरोबर घेऊनच तपासणीला जा, त्यांच्या मांडीवर झोपू दे त्याला. स्क्रीनवरच्या रेघा त्यांनी स्वतः बघितल्या की पुढची भांडणं वाचतील.

प्रश्न : साताऱ्याहून एक काका

वय ५७. दीड वर्षाचा असताना पोलिओ झाला, उजव्या पायाला कॅलिपर, म्हणजे आधाराचा साचा. त्या पायावर शिक्षण, नोकरी, दोन मुलींची लग्नं, सगळं केलं. दरवर्षी माउलींच्या पालखीबरोबर लोणंद ते फलटण चालायचो. सगळे म्हणायचे जिद्द शिकावी तर यांच्याकडून. गेल्या दोनतीन वर्षांत काय झालंय कळत नाही, चांगला पाय पण थकतो, जिना चढताना दम लागतो, थंडीत अंग गारठतं. जास्त व्यायाम करून बघितला तर उलट पडलो. मित्र म्हणतात मनानं खचलाय. मलाही वाटतं आळशी झालो. माउलींना तोंड कसं दाखवू?

उत्तर : काका, तुमचं पत्र वाचून फार वाईट वाटलं आणि रागही आला, तुमच्यावर नाही, ‘मनानं खचलाय’ म्हणणाऱ्यांवर. तुम्ही लिहिलंय ते जसंच्या तसं पोस्ट पोलिओ सिंड्रोमच्या वर्णनात बसतं. पोलिओ होऊन गेल्यावर पंधरा, वीस, चाळीस वर्षांनी हे येतं. लहानपणी पोलिओनं स्नायू चालवणाऱ्या पेशी मारल्या, ज्या उरल्या त्यांनी नवीन फांद्या फोडून मेलेल्यांचं काम पण अंगावर घेतलं. एकेक पेशी चारचार जणांचं ओझं अर्धशतक ओढत आली, आता त्या थकल्यात. यात आळस कुठंच नाही, पोलिओ परत आलेला नाही, तो कुणाला लागतही नाही. भारतात शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला हावड्याला सापडला, २७ मार्च २०१४ ला देश पोलिओमुक्त जाहीर झाला, आणि त्यामुळं झालंय काय की आजच्या पुष्कळ तरुण डॉक्टरांनी पोलिओचा पेशंटच बघितलेला नाही. म्हणून तुम्हीच त्यांना पोस्ट पोलिओ हा शब्द सांगा, न्यूरोलॉजिस्टला दाखवा. थायरॉइड, बी ट्वेल्व्ह, शुगर, मणक्यात दबलेली नस हे पण तपासून बाजूला काढायला लागतं, थकव्याला ही कारणं पण असतात.

जास्त व्यायाम तुम्हाला बाधतो. हे सगळ्या जिद्दी माणसांना सांगणं सगळ्यात अवघड असतं, कारण आयुष्यभर ‘अजून जोर लाव’ हेच औषध लागू पडलेलं असतं. आता दुखायच्या, थकायच्या आधी थांबायचं. व्यायाम हलका, मधे मधे विश्रांती देऊन, पोहायचा तलाव जवळ असेल तर पाण्यात उत्तम. कॅलिपर जुना जड लोखंडी असेल तर आता हलक्या प्लॅस्टिकचे मिळतात, माप परत घ्यायला हवं. जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा लावा, झोपायची खोली खाली आणा. थंडीत पायाला गरम मोजे. आणि कधी कुठलंही ऑपरेशन ठरलं तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना लहानपणी पोलिओ झाला होता हे आवर्जून सांगायचं, हे विसरू नका.

माउलींचं म्हणाल तर काका, वारीत पालखी रथात असते, वाटेत बैलगाड्या असतात, म्हातारे कोतारे ट्रकमध्ये असतात, वारकरीच असतात ना ते सगळे? व्हीलचेअरला किंवा तीनचाकी स्कूटरला हार समजू नका. लोणंद ते तरडगावच्या वाटेवर चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण होतं, त्या दिवशी सकाळीच गाडीनं जाऊन सावलीत जागा धरा, तुमच्या दिंडीतली माणसं तुम्हाला शोधत येतील बघा. इतकी वर्षं तुम्ही त्यांच्या पावलाशी पाऊल जुळवायला धडपडलात, एक वर्ष त्यांनी तुमच्यापाशी थांबून पाणी प्यावं. मुलींना पण हे पत्र वाचायला द्या, वडिलांना आता मदत लागते हे त्यांना माहीतच नसेल, तुम्ही सांगणारे नव्हेच.

प्रश्न : मिरजेहून एक मुलगी

मी बारावी कॉमर्सला आहे. मला आरपी (रेटिनायटिस पिगमेंटोसा) हा डोळ्यांच्या पडद्याचा आजार आहे, रात्री दिसत नाही आणि दिवसा पण नळीतून बघितल्यासारखं समोरचंच दिसतं. डॉक्टर म्हणाले हळूहळू कमी होत जाईल. मला स्पर्धा परीक्षा द्यायच्यात. आजी रोज गणपतीला आणि मीरासाहेब दर्ग्याला दोन्हीकडं माझ्यासाठी जाते. मी पण प्रार्थना करते. पण आता चमत्काराची वाट बघू की अभ्यास करू? घरचे म्हणतात डोळ्यांना ताण नको.

उत्तर : अभ्यास कर बाळा. आजीला जाऊ दे दोन्हीकडं, किती सुंदर आजी आहे तुझी! वाचल्यानं आरपी वाढत नाही, हा गैरसमज आहे, हे घरी तुझ्या डोळ्यांच्या डॉक्टरांच्याच तोंडून वदवून घे. आरपी बहुतेक वेळा जनुकांमधून येतो, आज बहुतेक प्रकारांवर नेमका इलाज नाही, म्हणून ‘गॅरंटीनं दृष्टी परत’ अशा जाहिरातींवर घरच्यांनी पैसे घालवू नयेत.

मला तुझ्याकडून हवंय ते हे, की जेवढं दिसतंय तेवढ्यात पुढची तयारी करून ठेव. कॉम्प्युटरवर एनव्हीडीए नावाचं स्क्रीन रीडर फुकट टाकता येतं, ते स्क्रीनवरचं वाचून दाखवतं, मराठी पण. ऑस्ट्रेलियातल्या दोन दृष्टिहीन तरुणांनी २००६ मध्ये ते सुरू केलं कारण विकतचं परवडत नव्हतं. मोबाइलमध्ये असंच वाचून दाखवणारं टॉकबॅक आधीच असतं. पांढरी काठी आत्ताच शीक, संध्याकाळी क्लासवरून येताना लागेलच, लाजायचं नाही, ती दिसली की रिक्षावालेच थांबतात. बोर्डाला लेखनिक मिळतो आणि तासाला वीस मिनिटं जादा, पण अर्ज कॉलेजमार्फत आधी करावा लागतो, परीक्षा तोंडावर आल्यावर धावपळ नको. २०१६ च्या कायद्यानं सरकारी नोकरीत चार टक्के आरक्षण आहे, त्यात एक टक्का दृष्टिहीन आणि कमी दिसणाऱ्यांसाठी, सर्टिफिकेट किमान चाळीस टक्क्यांचं हवं.

उल्हासनगरच्या प्रांजल पाटीलची दृष्टी सहाव्या वर्षी गेली. यूपीएससीत ७७३ वी आली, रेल्वेच्या सेवेत नंबर लागला आणि दिसत नाही म्हणून नेमणूक नाकारली. तिनं परत परीक्षा दिली, पुढच्याच वर्षी १२४ वी आली, आयएएस झाली, केरळात सब कलेक्टर म्हणून काम केलं. तुला नाही म्हणणारे भेटतील, तेव्हा लेखी मागायचं, नियम कुठला ते विचारायचं. प्रार्थना चालू ठेव, मला स्वतःला पेपरच्या आधी दोन मिनिटं डोळे मिटून नाव घेतलं की हात थरथरायचा थांबायचा, तुलाही होईल उपयोग. आणि रात्रीचं एकटीनं रस्ता ओलांडणं नको, एवढं माझं ऐक.

प्रश्न : आटपाडी भागातून एक वडील

पोरगा आठवीत. कडबाकुट्टीत, चारा कापायच्या यंत्रात, डावा हात मनगटातून गेला. अभ्यासात बरा, पण आधी मैदानावरून घरी यायचा नाही, आता शाळेतून थेट घरी येऊन बसतो. खेळात त्याचं काही होईल का?

उत्तर : दादा, तुम्ही आटपाडीचे आणि मला विचारताय! तुमच्याच तालुक्यातल्या करगणीचे सचिन खिलारी. शाळेत असताना सायकलवरून पडले, डाव्या हाताला फ्रॅक्चर, त्यात गँगरीन, हात कायमचा अधू झाला. इंजिनिअर झाले, स्पर्धा परीक्षांच्या मुलांना शिकवलं, भालाफेक करायचे तिथं खांदा दुखावला म्हणून गोळाफेकीकडं वळले आणि २०२३ ला पॅरिसमध्ये, २०२४ ला कोबेमध्ये वर्ल्ड चॅम्पियन झाले, त्याच वर्षी ४ सप्टेंबरला पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये १६.३२ मीटर गोळा फेकून सिल्व्हर आणलं. एफ ४६ हा त्यांचा गट, एका हाताला दोष असलेल्यांचा. तुमच्या मुलाचा गट कुठला ते तपासणीचं पॅनेल ठरवतं, घरी बसून अंदाज करू नका.

त्याला लगेच गोळा वगैरे आणून देऊ नका हं, आधी मैदानावर जाऊ दे. कबड्डीच खेळायची म्हणाला तर कबड्डीच खेळू दे. तो घरी येऊन बसतो ते हातामुळं की कुणी काही बोलल्यामुळं, हे त्याच्या आईला हळूच विचारायला सांगा, या वयाची मुलं बापाला सांगत नाहीत. पीटीच्या सरांना भेटून सांगा की याला बाकावर बसवून स्कोअर लिहायला लावू नका. मनगटाच्या वरचा भाग चांगला असेल तर कृत्रिम हात बसतो, पण पुष्कळ मुलांना तो खेळताना नकोच वाटतो, तेव्हा सक्ती नको, लग्नकार्यात घातला तरी चालेल.

आणि त्या कडबाकुट्टीला पुढून गार्ड बसवलाय का आता? नसेल तर हा अंक खाली ठेवून आधी फॅब्रिकेशनवाल्याला फोन करा, गल्लीतल्या बाकीच्यांनाही सांगा.